४२ उस्मानाबादी शेळ्या, एकच बोकड : बोअरचा संकर करावा की आधी रक्त बदलावं?

बालाघाटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तुळजापूर भागात ४२ उस्मानाबादी शेळ्या आहेत, अर्धबंदिस्त. दिवसा चार-पाच तास रान, संध्याकाळी कडबा कुट्टी, सुबाभूळ, शेवरी. गाभण आणि दुभत्या शेळ्यांना २५० ग्रॅम मका भरडा. विक्री सगळी मटणासाठी, काही बोकड ईदेसाठी ठेवतो.

पैदाशीचा बोकड एकच, साडेचार वर्षं तोच चालू आहे. काळाभोर, भुंडा (बिनशिंगी), अंगाने भरलेला. पहिल्या दोन वर्षांत त्याची करडं चांगली निघाली. आता ४२ पैकी १८ शेळ्या त्याच्याच लेकी आहेत आणि त्याही त्यालाच भरतात. जुन्या शेळ्यांची करडं तीन महिन्यांना सरासरी ११ किलो भरतात, लेकींची ८.५ किलोच्या पुढे जात नाहीत. लेकींच्या करडांत मरही जास्त आहे. गेल्या दोन वेतांत दोन करडं अशी झाली की नर म्हणावं की मादी तेच कळेना. दोघांचीही आई भुंडी होती.

इथल्या काही जणांनी बोअर या परदेशी जातीचा बोकड लावायला सांगितलंय, एका वेतात वजन वाढेल म्हणतात. काही जण म्हणतात जात बिघडवू नका. माझे प्रश्न असे: वजन घटलंय ते सगोत्र पैदाशीमुळेच का? बोअर लावला तर किती शेळ्यांना आणि पुढे त्या पाटींचं (तरुण माद्यांचं) काय करायचं? आणि घरचा बोकड ठेवायचा तर तो कसा निवडायचा? आकड्यांत सांगितलंत तर बरं.

---

माणदेशी_मेंढका

बालाघाटी भाऊ, बोअरचा विषय थोडा बाजूला ठेवा. तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

शेळीत ६० गुणसूत्रं असतात, ३० आईची, ३० बापाची. बाप आणि लेक यांच्यापासून झालेल्या करडाचा इनब्रीडिंग (सगोत्र पैदास) गुणांक २५ टक्के येतो. म्हणजे त्याच्या जनुकांच्या दर चार जागांपैकी सरासरी एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या, हुबेहूब सारख्या. एरवी झाकून राहणारे दोष तिथे उघडे पडतात. सख्ख्या भावंडांतही २५ टक्केच. सावत्र भावंडांत किंवा आजोबा-नातीत १२.५, चुलत भावंडांत ६.२५. लेकींची करडं हलकी आणि मर जास्त हे त्याचं ठरलेलं लक्षण. पहिला फटका जगण्याला, दुधाला आणि गाभण राहण्याला बसतो, वाढीला त्यानंतर. मटणाच्या प्रतीवर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे खाटकाला काही कळत नाही आणि मालकाला उशिरा कळतं.

एक गोष्ट मात्र तपासा. १८ लेकी वयानेही लहान आहेत. पहिलटकरणीचं दूध कमी, त्यामुळे तिची करडं हलकीच असतात. अडीच किलोच्या फरकातला काही भाग त्याचा असणार. तिसऱ्या वेतातली लेक आणि तिसऱ्या वेतातली जुनी शेळी यांची तुलना केली तरच खरा फरक दिसेल.

आता कळपाचा हिशेब. दर पिढीला इनब्रीडिंग किती वाढतं त्याचं सूत्र सोपं आहे: १ भागिले (८ × नर) अधिक १ भागिले (८ × माद्या). एक बोकड आणि ४२ शेळ्या धरल्या तर सुमारे १२.८ टक्के. दोन बोकड केले तर ६.५. चार केले तर ३.४. शेळ्या ४२ च्या ८० केल्या तरी पहिला आकडा जवळपास हलत नाही, कारण सगळं वजन नराच्या बाजूला आहे. कळप मोठा आहे म्हणून धोका नाही असं समजणारे इथेच फसतात.

दिलासा देणारी बाब अशी की हे नुकसान एका पिढीत भरून येतं. लेकी विकायची गरज नाही. त्यांना नात्यातला नसलेला बोकड लावला की त्यांच्या करडांचा गुणांक थेट शून्य. लेकी स्वतः ज्या पैदाशीच्या आहेत तेवढं त्यांचं दूध राहील, पण करडं सुधारतील. तेव्हा पहिलं काम: जुना बोकड आजच वेगळा बांधा. बाहेरचा, शुद्ध उस्मानाबादी, दुसऱ्या गावचा बोकड आणा. पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर चौकशी करा, तुमच्या तालुक्यात तीर्थलाच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतही उस्मानाबादीवर निवडीचं काम झालंय. बाजारातून घेतलात तर त्याचा बाप कोणता हे कुणी सांगू शकत नाही, आणि शेजारच्या गावचा बोकड तुमच्याच बोकडाचा मुलगा निघू शकतो. तुम्ही आजवर विकलेले नर कुठे गेले ते आठवून बघा.

पुढची सोय म्हणून शेळ्यांचे तीन गट करा, कानातल्या बिल्ल्याचा रंग वेगळा: हिरवा, पिवळा, लाल. मादी करडू कायम आईच्या गटात राहतं. नर मात्र सरकतो: हिरव्यात जन्मलेला पिवळ्याला, पिवळ्यातला लालला, लालमधला हिरव्याला. दीड-दोन वर्षांनी बोकड बदलायचे. बोकडाच्या स्वतःच्या लेकी त्याच गटात माजावर येऊ लागतात तोवर तो हललेला असला पाहिजे, एवढं एकच बंधन. तीन बोकड सांभाळणं ४२ शेळ्यांना महाग वाटेल. मग चार-पाच शेळीपालकांनी मिळून अदलाबदल करा. नोंदी सगळ्यांच्या हव्यात, नाहीतर तीच नाती फिरून घरी येतात.

---

जनावरांचा_डॉक्टर

त्या दोन करडांबद्दल लिहितो, कारण ते इनब्रीडिंगपेक्षा वेगळं प्रकरण असण्याची शक्यता जास्त आहे.

शेळीत भुंडेपणा हा प्रभावी गुण आहे. एक प्रत मिळाली तरी शिंगं येत नाहीत. पण त्याच जागेचा दुसरा परिणाम अप्रभावी आहे: मादी करडात दोन्ही प्रती भुंडेपणाच्या आल्या तर अंडाशयाची वाढ बिघडते आणि करडू ना धड मादी ना धड नर होतं. सानेनसारख्या युरोपीय जातींत याचा नीट अभ्यास झालाय, डीएनएचा एक तुकडा गळालेला असतो. उस्मानाबादीत नर बहुतेक शिंगांचे असतात, माद्यांत भुंड्या बऱ्याच. तुमचा बोकड भुंडा आणि त्या दोघींही भुंड्या, तेव्हा संशय इथेच जातो.

हिशेब असा. शिंगाच्या जनुकाला 'श' आणि भुंडेपणाला 'भ' म्हणू. बोकड भश, शेळी भश. चार करडांत सरासरी एक भभ, दोन भश, एक शश. भभ मधली निम्मी जन्माने मादी असायला हवी होती, ती बिघडतात. म्हणजे एकूण करडांत आठात एक. बाहेरून लक्षणं: योनी लहान, खालच्या टोकाला वाटाण्याएवढी गाठ, सडांची वाढ नाही, मोठं झाल्यावर माजावर न येणं आणि दुसऱ्या शेळ्यांवर उड्या मारणं. काही करडं हुबेहूब नरासारखी दिसतात, म्हणून अशा कळपात 'नर जास्त होतात' अशी समजूत होते. भभ नर बहुधा कामाचे असतात, पण काहींत वीर्यनलिका तुंबून पुढे वांझपणा येतो.

उपाय फुकटचा आहे. पैदाशीचा बोकड शिंगांचाच ठेवा. शश बोकड असला तर कुठल्याही करडाला दोन भ मिळूच शकत नाहीत, मग शेळी भुंडी असो की शिंगाची. भुंड्या शेळ्या विकू नका, त्यांच्यात दोष नाही. आणि 'शिंगाचा' म्हणजे जन्मतः शिंगाचा. डागून शिंगं काढलेला बोकड चालतो, कारण जनुकं बदलत नाहीत. उलट भुंड्या नराला शिंगवाला म्हणून कुणी विकू शकणार नाही, ही या गुणाची एक सोय.

गायीत नर-मादी जुळं झालं की कालवड दहात नऊ वेळा वांझ निघते, ते कारण वेगळं आहे, गर्भात रक्त मिसळतं. शेळीत जुळी इतकी असूनही तसं क्वचितच होतं. तेव्हा ते कारण पहिल्यांदा धरू नका.

नवा बोकड घेताना काय पाहाल: दोन्ही अंडं खाली उतरलेली, सारखी, घट्ट. एकच अंड उतरलेला बोकड कितीही देखणा असला तरी नको, तो दोष पुढे जातो. खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकतात का ते बघा. बोकडालाही सड असतात, दोनच आणि सुटे हवेत. जोडसड किंवा जादा सड असले तर लेकींच्या कासेत तेच येईल. मागचे पाय बाजूने बघताना फार सरळ नकोत, उडी घेताना टिकत नाहीत. ब्रुसेला तपासणी घेण्याआधी करा, तो आजार माणसालाही होतो. आणल्यावर महिनाभर वेगळा ठेवा. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस झालेली आहे का ते तोंडी नको, नोंद मागा. वर्षाच्या आत त्याच्याकडून जास्त काम घेऊ नका. दीड वर्षानंतर २५ ते ३० शेळ्यांना एक पुरे.

---

संकर_शिवार

बोअरची बाजू कुणीतरी मांडायला हवी. बोअर दक्षिण आफ्रिकेची, मटणासाठीच घडवलेली जात. पाठ रुंद, मांड्या भरलेल्या, वाढ वेगाने. उस्मानाबादी शेळी आणि बोअर बोकड यांचं पहिल्या पिढीचं करडू उस्मानाबादीपेक्षा भारी निघतं, यात वाद नाही. प्रश्न फक्त खुराकाचा आणि शेळीच्या निवडीचा.

शेळी निदान दुसऱ्या-तिसऱ्या वेतातली आणि ३२ किलोच्या आसपासची हवी. पहिलटकरणीला किंवा २८ किलोच्या आतल्या शेळीला बोअर लावू नका. बोअरच्या करडाचं डोकं आणि छाती मोठी, त्यातून एकुलतं करडू असलं तर अडतं. जुळं असलं की बहुधा निभावतं. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात खुराक द्यायचाच, पण एकदम अर्ध्या किलोवर नेला तर करडं पोटातच मोठी होतात. ३०० ग्रॅमच्या आसपास थांबा.

करडांना तिसऱ्या आठवड्यापासून वेगळी खुराकाची जागा करा, जिथे आई जाऊ शकणार नाही. आडव्या पट्ट्यांत १५ सेंटिमीटरची फट ठेवली की करडं आत जातात. मिश्रण: मका भरडा ५२, तूरचुनी २५, शेंगदाणा पेंड २०, खनिज मिश्रण २, मीठ १, एकूण शंभर. प्रथिनं सतराच्या आसपास येतात. ५० ग्रॅमपासून सुरुवात करून तिसऱ्या महिन्यात २५० पर्यंत न्या. घाई केली तर पोट आंबतं आणि आंत्रविषार होतो, सगळ्यात धष्टपुष्ट करडू पहिलं जातं. खच्ची केलेल्या बोकडांना धान्य जास्त झालं की मुतखडा होतो. चुन्याचा अंश पुरेसा ठेवा, पाणी भरपूर ठेवा, आणि खच्चीकरण अगदी कोवळ्या वयात करू नका, मूत्रनलिका अरुंद राहते.

एवढं करायची तयारी नसेल तर बोअरचा खर्च वाया जाईल. नुसत्या रानावर बोअर-संकर आणि उस्मानाबादी यांच्यातला फरक बराच पुसला जातो.

---

माणदेशी_मेंढका

संकर_शिवार दादांशी बहुतांश सहमत. पण पहिली पिढी हा सोपा भाग आहे. लोक अडकतात दुसऱ्या पिढीत, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

संकरातून दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. एक, दोन जातींची सरासरी. समजा एकाच खुराकावर उस्मानाबादी करडू ९० दिवसांना १० किलो आणि बोअर १६ किलो भरतं, तर सरासरी १३. दोन, संकरजोम, म्हणजे सरासरीच्या वर मिळणारी वाढ. तो ५ टक्के धरला तर १३.६५. बघा, वजनातली बहुतेक वाढ बोअरच्या जनुकांची आहे, संकरजोमाची ६५० ग्रॅम. संकरजोम खरा कामी येतो जगण्याला, गाभण राहण्याला आणि आईच्या दुधाला. जे गुण निवडीने हळू सुधारतात त्यांना संकराने जास्त फायदा, आणि मटणाचा उतारा, मांडीची भरण वगैरे जे निवडीने पटकन सुधारतात त्यांना संकरजोम जवळजवळ नाही. उलटसुलट असलेला हा नियम लक्षात ठेवला की निम्मे निर्णय आपोआप होतात.

आता टिकण्याचा प्रश्न. पहिल्या पिढीत संकरजोम पूर्ण, १०० टक्के. संकरित बोकड संकरित शेळीलाच लावला तर पुढच्या पिढीत ५०. संकरित शेळीला परत बोअर लावला तरी ५०, आणि करडू ७५ टक्के बोअर, म्हणजे दुष्काळी चाऱ्यावर तगायला अवघड. दोन जातींचे नर आलटून पालटून लावत राहिलं तर काही पिढ्यांनी ६७ वर स्थिरावतं. तीन जातींच्या फेऱ्यात ८६. हे आकडे परदेशात मांसाच्या गुरांसाठी वर्षानुवर्षं वापरात आहेत, गणित शेळीलाही तेच. पण त्यासाठी प्रत्येक शेळीचा बाप कोणत्या जातीचा हे माहीत हवं आणि दोन-तीन जातींचे बोकड एकाच वेळी सांभाळायला हवेत. दोन-तीनशे गायींच्या गोठ्याला ते जमतं. ४२ शेळ्यांना ते न झेपणारं आहे, असं माझं स्पष्ट मत.

म्हणून तुमच्यासाठी एकच संकरपद्धत शहाणपणाची: टर्मिनल. बोअर लावायचा, झालेली सगळी करडं विकायची, नरही आणि पाटीही. एकही पाट ठेवायची नाही. पाट दिसायला इतकी छान असते की मोह होतो, आणि तिथूनच कळप 'गावठी-बोअर-काहीतरी' होतो.

तुमच्या आकड्यांवर आराखडा असा बसतो. १८ लेकी: सगळ्यांना नवा शिंगाचा उस्मानाबादी बोकड. जुन्या २४ मधल्या उत्तम १० ते १२ (जुळी देणाऱ्या, दोन्ही करडं जगवणाऱ्या) यांनाही तोच. दरवर्षी कळपाचा पाचवा हिस्सा बदलायचा तर आठ-नऊ पाटी लागतात, त्या या उत्तम शेळ्यांच्या निवडा. उरलेल्या १२ मोठ्या शेळ्यांना हवं तर बोअर. बारा शेळ्यांसाठी बोअर बोकड विकत घेणं परवडत नाही. शेजारच्याचा मिळाला तर बघा, नाहीतर गोठवलेल्या वीर्याच्या रेतमात्रा. माज सुरू झाल्यापासून १२ ते १८ तासांत भरवायची, आणि गाभण राहण्याचं प्रमाण नैसर्गिकपेक्षा कमी राहील हे धरूनच चला. माज २१ दिवसांनी फिरतो, त्या वेळी उलटलेल्यांना उस्मानाबादी बोकड लावा. कोणती शेळी कशाने गाभण राहिली ते करडाच्या रंगावर सोडू नका, तारीख लिहा.

आणखी एक. अमेरिकेत टेनेसी राज्य विद्यापीठाने बोअर, कीको आणि स्पॅनिश शेळ्या दमट हवेत, चराईवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. शेळी म्हणून बोअर मागे पडली: कमी टिकली, आजार आणि जंतांचा त्रास जास्त, दर शेळीमागे करडांचं वजनही कमी. बोअर बाप म्हणून ठीक, आई म्हणून जपून. तुमच्याकडे हवा कोरडी आहे, पण पावसाळ्यात तेच जंत असतात.

---

बाजारकरी

जनुकांतलं मला कळत नाही, गिऱ्हाइकाचं कळतं.

काळ्या उस्मानाबादीला नवसा-जत्रेचं गिऱ्हाईक असतं आणि ते वजनापेक्षा रंग बघतं. बोअर-संकरात रंग मिसळतो, कान-नाक बदलतं, तिथे ती किंमत जाते. खाटीक वजनावर घेतो, त्याला फरक नाही. तेव्हा संकरित माल वजनकाट्यावरच विकायचा, नगावर नाही.

ईदेचा बोकड पूर्ण वर्षाचा लागतो, दोन दात आलेले असले की वाद होत नाही. लंगडा, आंधळा, शिंग मुळातून तुटलेला चालत नाही. भुंडा चालतो, पण गिऱ्हाईक शिंगं बघतंच. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. गाभणकाळ पाच महिने आणि बोकडाचं वय १२-१३ महिने धरा, म्हणजे ईदेच्या १७-१८ महिने आधी शेळ्या भरल्या पाहिजेत. बरेच जण सहा महिने आधी जागे होतात आणि मग आठ महिन्यांचा बोकड वर्षाचा म्हणून घेऊन येतात. दात खोटं बोलत नाहीत.

'शुद्ध बोअर' म्हणून विकला जाणारा बोकड बऱ्याचदा पाऊण बोअर असतो. आईबापाच्या बिल्ल्याचे नंबर आणि जन्मनोंद नसेल तर संकरिताचीच किंमत द्यायची.

---

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, बोकडाचे फोटो बघितले, त्याची आईही भुंडीच होती असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. शिंगाचाच आणतो.

माणदेशी दादा, दोन शंका. नव्या बोकडाची करडं आली की त्यातला घरचा नर कसा निवडायचा? इथे सगळे तीन महिन्यांना जे सगळ्यात मोठं ते ठेवतात. आणि बाहेरच्या चांगल्या बोकडाला जास्त पैसे द्यायचे तर किती जास्त?

---

माणदेशी_मेंढका

'सगळ्यात मोठं ते ठेवा' यात एक खोच आहे. सगळ्यात मोठं करडू बहुतेक वेळा एकुलतं असतं. आईचं सगळं दूध त्यालाच. दर पिढीत तेच निवडत गेलात तर जुळी देणाऱ्या शेळ्यांचे नर कळपातून गळत जातात. उस्मानाबादीचा खरा पैसा जुळ्यात आहे: ३२ किलोची शेळी साडेदहाची दोन करडं देते तेव्हा २१ किलो माल होतो, आणि ३८ किलोची शेळी एकच १३ किलोचं देते. खाणं मोठीचं जास्त.

वजन आधी एका वयावर आणा. जन्मवजन २४ तासांच्या आत घ्या, साधा लटकणारा काटा आणि गोणपाटाची झोळी पुरते. तीन महिन्यांच्या आसपास पुन्हा वजन. मग: (आत्ताचं वजन वजा जन्मवजन) भागिले वयाचे दिवस, गुणिले ९०, अधिक जन्मवजन. ८२व्या दिवशी ९.६ किलो आणि जन्माला २.२ असेल तर ९० दिवसांचं १०.३ येतं.

त्यानंतर तुलना फक्त बरोबरीच्यांत: त्याच हंगामात जन्मलेले, नरांत नर, जुळ्यांत जुळे, आईचं वेतही शक्यतो जवळचं. जुळ्या नरांची सरासरी १० आणि एक १२.५ भरला, तर तो अडीच किलोंनी वर. एकुलत्या नरांची सरासरी १२ आणि एक १३.५, तर तो दीड किलोनेच वर. ठेवायचा तो १२.५ वाला, काट्यावर एक किलोने हलका असला तरी.

आईकडेही बघा, पण एका वेतावर नाही. जुळी होण्याची आनुवंशिकता साधारण ०.१, म्हणजे शेळ्या-शेळ्यांतल्या फरकाचा दहावा हिस्सा फक्त पुढे जाणारा, बाकी खुराक, हंगाम आणि नशीब. म्हणून निदान तीन वेतांत दोनदा जुळी देऊन दोन्ही जगवलेली आई हवी. तीन महिन्यांच्या वजनाची आनुवंशिकता ०.२ ते ०.३, वर्षाच्या वजनाची आणखी थोडी वर. घाई नसेल तर तीन महिन्यांना पाच-सहा नर बाजूला काढा, वर्षाच्या आत पुन्हा मोजा आणि मग एक ठेवा. तीन महिन्यांच्या वजनात आईचं दूध बोलतं, वर्षाच्या वजनात तो स्वतः. जंतांचंही बघा: एकाच रानात चरून ज्याच्या डोळ्याची आतली पापणी पांढरी पडते आणि ज्याला परत परत औषध लागतं, तो नर नको. जंत सहन करण्याची ताकदही काही अंशी रक्तातून येते.

किमतीचं गणित. बोकड सरासरीपेक्षा ४ किलोंनी वर, पण हा फरक त्याच्या कळपातल्या बरोबरीच्या करडांशी मोजलेला हवा. आनुवंशिकता ०.२५ धरली तर त्यातला १ किलो खरा. त्याचं अर्धंच करडाला जातं, अर्धं आईचं. म्हणजे दर करडामागे अर्धा किलो. वर्षाला ६० करडं विकलीत तर ३० किलो जिवंत वजन. किलोला ४०० रुपये धरले तर १२,००० रुपये वर्षाला, आणि दोन वर्षं वापरला तर त्याच्या दुप्पट. शिवाय ठेवलेल्या लेकींतून पुढे मिळेल ते वेगळं. तेव्हा नोंदी असलेल्या बोकडाला बाजारभावावर दहा हजार जास्त दिले तर तोटा नाही. नोंदी नसतील, तर ते चार किलो खुराकाचे की रक्ताचे हे कळायला मार्ग नाही, मग जास्त एक रुपयाही देऊ नका.

मेंढीत एक अपवाद सांगण्यासारखा आहे, शेळीला तो लागू धरू नका. सुंदरबनच्या गरोळ मेंढीत फेकबी नावाचं एकच जनुक आहे, जे एका वेळी जास्त बीजं सोडायला लावतं. निंबकर संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. तिथे रक्त तपासून सरळ सांगता येतं की या नराकडे आहे की नाही. वजन आणि वाढ यांना असं एकच जनुक नाही, शेकडो छोटी छोटी आहेत, म्हणून तिथे काटा आणि वही याला पर्याय नाही.

---

जनावरांचा_डॉक्टर

एक राहिलं. नर करडं तीन महिन्यांना वेगळी करा. चौथ्या-पाचव्या महिन्यात ती बहिणींना आणि आयांना भरवतात, आणि मग गटांचे रंग, बोकड बदलणं, सगळं कागदावर राहतं. ठेवायचे नाहीत ते तीन महिन्यांच्या सुमारास बर्डिझो चिमट्याने खच्ची करून घ्या, दर बाजूची नळी वेगवेगळी दाबून. दोन्ही एकदम एका रेषेत दाबल्या तर मधल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. वेगळी जागा नसेल तर रानात जाताना बोकडाच्या पोटाला जाड कापडाची झूल बांधतात, तीही चालते. बंद रोज तपासा, सैल झाला की उपयोग नाही.

---

बालाघाटी

समजलं. जुना बोकड आजपासून वेगळा बांधलाय. पण शेवटच्या माजात त्याच्यापासून गाभण राहिलेल्या सात लेकी आहेत, त्यांची करडं जन्मली की काय करायचं?

---

माणदेशी_मेंढका

त्या सातांची नर करडं खच्ची करून मटणाला. पाटीही ठेवू नका, वजनात आल्या की विका. त्यांना वेगळ्या रंगाचा, पांढरा बिल्ला जन्माच्या दिवशीच लावा. तीन महिन्यांनी कळपात कोण कुणाचं ते ओळखता येत नाही.